कोपराला लावलेला हात

"अठ्ठ्याण्णव! महाराज, अठ्ठ्याण्णव!" आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातले सतीशराव ओरडले आणि झूमच्या पडद्यावर एकशे त्रेचाळीस चौकटींत हात जोडले गेले. पंधरा मिनिटांपूर्वी याच सतीशरावांचा ऑक्सिजन नव्वद होता. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

"मी नुसता निमित्त," पुण्याहून श्वासानंद महाराज म्हणाले. "तुमच्या बोटातला प्राण झोपला होता, तो जागा झाला. हे सगळं वैज्ञानिक आहे. क्वांटम आहे!"

क्वांटम म्हटल्यावर तर आमचे आयटीवाले अगदीच विरघळले.

२०२१चा जानेवारी. आयर्लंड बंद होतं, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची सोय नव्हती. मी, उल्का, ब्युमॉन्टच्या भाड्याच्या खोलीत बसून फुप्फुसाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत इंटर्नशिप करत होते. मराठी घरांपर्यंत पोचायचं, बोटाला चिमट्यासारखं लावायचं ऑक्सिमीटर पोस्टानं पाठवायचं, ते वापरायचं कसं ते समजावायचं आणि शुक्रवारी किती माणसं गाठली ते कळवायचं, हे माझं काम. माझ्या पहिल्या सत्राला सहा जण आले. त्यातली एक माझी मैत्रीण होती आणि एक गृहस्थ चुकून आले होते. महाराजांकडे मात्र दर बुधवारी ही गर्दी. मग मी शहाणपणा केला. त्यांच्या सत्संगात शेवटची पाच मिनिटं मागून घेतली.

महाराजांची युक्ती मला पहिल्याच बुधवारी कळली होती. आधी 'शुद्धी' म्हणून बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवायची. गारठलेल्या बोटात रक्त नीट फिरत नाही, मग यंत्र फसतं आणि कमी आकडा दाखवतं. नंतर गरम पाण्याचा तांब्या हातात धरून अकरा मिनिटं जप. बोट गरम झालं की खरा आकडा परत येतो. संपला चमत्कार! 'हात गरम करून मोजा' असं माझ्याच पत्रकात छापलेलं होतं. तरी मी गप्प बसले. म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय? निदान लोक मोजायला तरी लागलेत.

एनिस गावातल्या लीलावतीकाकूंनाही मीच मीटर पाठवलं होतं. मूळच्या कराडजवळच्या. चुलीच्या धुरानं फुप्फुसं आधीच कामातून गेलेली. शॅननला नोकरी करणाऱ्या मुलाकडे, उपेंद्रदादाकडे तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. त्यांना आठवड्यातून एकदा फोन करायचा असं ठरलेलं होतं, मी दोनदा करायचे.

"पोरी, जेवलीस का?"

"नूडल्स केले होते, काकू."

"त्ये काय जेवान हाय व्हय? भाकरी थापाय शिक जरा."

आई इतक्या लांब असताना मला त्या फोनचा फार आधार होता. मदत नक्की कोण कुणाला करत होतं कोण जाणे.

महिनाअखेरीला काकूंना कोविड झाला. हॉस्पिटलनं घरीच ठेवलं. नर्स दिवसातून दोनदा फोन करून आकडा विचारायची. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तर ताबडतोब घेऊन यायचं, असं तिनं बजावलं होतं.

त्या बुधवारी उपेंद्रदादा आईला घेऊन पडद्यासमोर बसला. तांब्या झाला, जप झाला, काकूंचा आकडा सत्त्याऐंशीवरून हलेना. महाराजांनी डोळे मिटले.

"माउली थकल्यात. हरकत नाही. पूजेत पत्नी पतीच्या हाताला हात लावते, तिलाही पुण्य मिळतं की नाही? मग माउलींनी मुलाच्या कोपराला हात लावावा. संकल्प मुलानं करावा. रक्त एकच आहे!"

हे सगळं मी नंतर रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं. तेव्हा मी मोबाइल कट्ट्यावर ठेवून वरणाला फोडणी देत होते. "अठ्ठ्याण्णव!" एवढंच कानावर आलं. बायका रडत होत्या. मलाही रडू आलं, आनंदानं.

गुरुवारी फोन केला तेव्हा उपेंद्रदादा खुशीत होता. "रात्री अठ्ठ्याण्णव, सकाळी अठ्ठ्याण्णव. नर्सला सांगितलं तर म्हणाली, ग्रँड!"

मग काकू आल्या. "पोरी, दम लागतोय गं. बोलवंना. पर उपेंद्र म्हंतोय आकडा चांगला हाय."

"मग घाबरू नका, काकू," मी म्हणाले. "आकडा चांगला आहे ना?"

हे मी बोलले. महाराज नव्हे, मी.

शुक्रवारी दुपारी अहवालासाठी डोकी मोजायला बुधवारचं रेकॉर्डिंग लावलं. एका ठिकाणी थांबवलं. मीटर ज्या हाताला होतं, त्याच्या मनगटावर जाडजूड घड्याळ होतं. काकूंचा बांगड्यांचा हात त्याच्या कोपरावर होता. मी लगेच फोन लावला.

"उपेंद्रदादा, मीटर कुणाच्या बोटाला लावतोस?"

"माझ्या. आई कोपराला हात लावते ना," तो सहज म्हणाला.

"आत्ता काकूंच्या बोटाला लाव."

फोनवर बांगड्या किणकिणल्या.

"शहात्तर," तो म्हणाला. "उल्का, मशीन बिघडलंय का गं?"

मी ओरडले, "मशीनला काही झालेलं नाही, ॲम्ब्युलन्स बोलाव!"

हॉस्पिटलात नेल्यावर नवव्या दिवशी काकू गेल्या. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. मी ब्युमॉन्टमध्ये लॅपटॉपवर तो बघत उभी राहिले आणि ढसाढसा रडले.

पुढच्या बुधवारी महाराज म्हणाले, "माउलींचा प्राण विश्वप्राणात विलीन झाला. संकल्पात कुठेतरी खोट राहिली असावी."

माझी पाच मिनिटं आली. मी सगळ्यांसमोर बोट बर्फात बुडवलं. एक्क्याण्णव. मग चहाचा गरम मग दोन्ही हातांत धरला आणि जपाऐवजी बाजाराची यादी म्हटली. कांदे, दूध, टोमॅटो, भांड्यांचा साबण. पुन्हा मोजलं. अठ्ठ्याण्णव.

"श्रद्धाहीन माणसालाही माझी कृपा मिळते," महाराज तत्परतेनं म्हणाले.

तेवढ्यात उपेंद्रदादा बोलला. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. "अठ्ठ्याण्णव माझा होता. आईचा कधीच नव्हता. मी इंजिनिअर आहे हो. ऑफिसात कुणी सेन्सर भलतीकडे लावला तर मी त्याला झापतो. पण आईचा आकडा बघवत नव्हता, म्हणून माझा बघत बसलो."

चौकटी कमी होऊ लागल्या. सतीशराव गेले, आणखी बरेच गेले. सगळे मात्र गेले नाहीत. चाळीसएक जण हात जोडून बसूनच राहिले.

त्या चाळीस जणांना आणि तुम्हालाही मला एवढंच सांगायचं आहे. देवाला नमस्कार करा, जप करा, मी अडवणार नाही. पण मीटर आजारी माणसाच्याच बोटाला लावा. आकडा वाईट आला तर त्यात लाज कसली? तो मदत मागायलाच आलेला असतो. आणि यंत्र काहीही म्हणो, माणूस दम लागतोय म्हणाला तर आधी त्याचं ऐका. काकूंनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.