कुसाबाई माझ्या पाण्यात उतरली

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. जेवायला बसायचा लाकडी पाट नव्हे, पाण्याचा पाट. गोदावरीच्या बंधाऱ्यापासून निघून नाशकाच्या उपनगराला वळसा घालत मळ्यांकडे जाणारा. इंग्रजांच्या अमदानीत माणसांनी कुदळ-फावड्यांनी मला खणलं आणि दोन्ही काठांना काळा दगड बसवला. माझ्या एका अंगाला मारुतीचं देऊळ, दुसऱ्या अंगाला गुऱ्हाळ आणि मधे लहानसा दगडी पूल. टांगेवाले गेले, रिक्षावाले आले, तरी पत्ता सांगताना सगळे 'पाटाच्या पुलापाशी' असंच म्हणायचे. मला त्याचा फार अभिमान वाटे. माझ्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर, शेवंती, झेंडू पिके आणि भल्या पहाटे पंचवटीच्या बाजारात जाई.

पुलाशेजारी खंडेराव आणि कुसाबाई यांचा मळा होता. कुसाबाई सटाण्याकडची. तिच्या माहेरी विहिरी खोल आणि ओढे कोरडे. एवढं वाहतं पाणी तिनं लग्नानंतरच पाहिलं. ती मला कायम भ्यायची. धुणं धुवायला आली तरी वरच्याच पायरीवर बसायची आणि बादलीनं पाणी ओढून घ्यायची.

चौऱ्याण्णव साली तिच्या शेखरचं लग्न झालं. सून उज्वला सायखेड्याची, गोदाकाठी वाढलेली. पहिल्याच उन्हाळ्यात धुणं धुताना उज्वलाच्या हातून सासूची गोधडी निसटली आणि माझ्या धारेला लागली. तिनं पदर खोचला आणि सरळ उडी घेतली. पुलाखालून गोधडी ओढून आणली तेव्हा काठावर माणसं जमली होती. कोणी हसलं, कोणी तोंड फिरवलं. संध्याकाळी मारुतीच्या पारावर तोच एक विषय होता.

खंडेरावांना ते फार लागलं. सुनेला माहेरी सोडून ये, जरा रीतभात शिकून येऊ दे, असं त्यांनी शेखरला सांगितलं. उज्वला पिशवी भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कुसाबाई सुनेला घेऊन माझ्या पायऱ्यांवर आली. मला वाटलं, चार गोष्टी सुनावायला आणलं असेल. कुसाबाई नेहमीसारखी वरच्याच पायरीवर बसली.

"पोरं रांगती होती ना, तवा मी त्यांना जुन्या लुगड्यानं खांबाला बांधून मळ्यात जायची," ती म्हणाली. "या पाण्याच्या भ्यानं. शेखर अजून पोहत नाय. काल तू उडी घेतली आणि माझा जीवच गेला. मग रात्रभर वाटत राहिलं, हे मला बी यायला पाहिजे होतं. शिकवशील?"

मित्रांनो, इतकी वर्षं मी त्या घराला पाणी देत होतो. त्या खांबाची मला काहीच कल्पना नव्हती.

उज्वलानं तरंगायला आधार म्हणून रॉकेलचा रिकामा डबा सासूच्या पाठीला घट्ट बांधला आणि तिला हाताला धरून खाली उतरवलं. घाबरली की कुसाबाईच्या तोंडी माहेरची बोली यायची. "पानी खोल शे, उज्वला," असं म्हणत तिनं सुनेच्या दंडावर नखं उमटवली. मी माझ्या परीनं संथ वाहायचा प्रयत्न केला. पण पाट आपल्या मर्जीनं थोडाच थांबतो!

सुनेचं जाणं रोज का लांबतंय, हे बघायला चौथ्या दिवशी खंडेराव काठावर आले. पाहतात तर बायको पाण्यावर उताणी तरंगतेय आणि सून तिच्या मानेखाली हात धरून उभी. ते काही बोलणार, तोच पाण्यातून आवाज आला, "आता ओरडू नका. मी बुडंल."

खंडेराव थबकले. मग पुलावर जाऊन पाठ फिरवून बसले. तेवढ्यात दोघेतिघे पुलाकडे येताना दिसले, तर हात करून म्हणाले, "बायामाणसं हायेत. गुऱ्हाळाकडनं जा."

सायखेड्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या भागीबाई आल्या, वत्सलाबाई आल्या, त्यांच्या लेकी आल्या. माझ्या आयुष्यातल्या त्या सर्वांत गोड सकाळी होत्या.

मग शहर वाढलं. मळ्यांचे प्लॉट पडले. पाणी कमी कमी सुटू लागलं आणि माझ्या अंगावर थर्माकोल, पिशव्या, कुजलेली फुलं साचू लागली. ज्यांना मी नुसता नाला वाटत होतो, त्यांना मी राहिलो काय, गेलो काय सारखंच होतं. शेवटी मला बुजवून वरून रस्ता करायचं ठरलं.

पाणी शेवटचं सुटलं, तेव्हा कुसाबाईचे केस पांढरे झाले होते. बायकांनी आधी बांबूनं कचरा बाजूला काढला. भर दुपारी, सगळ्यांसमोर, डब्याशिवाय कुसाबाई या काठावरून त्या काठाला गेली. उज्वलाची मुलगी भाग्यश्री तिच्या बाजूनं पोहत होती. वर आल्यावर तिनं ओले हात डोळ्यांना लावले आणि मग ती रडली.

मित्रांनो, तुमच्या गावच्या पाटात, नदीत, ओढ्यात कचरा टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण माझं आणखी एक मागणं आहे. आईला, आजीला एकदा विचारा, तुला पोहता येतं का? नाही म्हणाली, तर जाणत्या माणसाला सोबत घेऊन तिला पाण्यात न्या. पाण्याशी ओळख झाली की माणूस त्याला जपतो. मातीचे ट्रक आले, त्या दिवशी येणारेजाणारे पुष्कळ होते. थांबल्या त्या माझ्यात पोहायला शिकलेल्या बायकाच.