मेतकुटाच्या यंत्रावरची छाया

दुपारी तीन एकोणचाळीसला परचुऱ्यांच्या कारखान्यात उभं राहायला जागा नव्हती. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीतला हा कारखाना, माल मेतकूट आणि भाजणी, कामगार सव्वीस. त्या दिवशी मी डोकी मोजली, ती एकाहत्तर भरली. शेजारच्या गुळाच्या गाळ्यातले हमाल होते, टेम्पोवाले होते, आणि कुरिअरचा एक माणूस सही घ्यायला आला होता तो सही विसरून मोबाइल उंचावून उभा होता.

तीन चाळीसला पाकिटं भरणारं नवं यंत्र थांबलं. कुणी हात लावला नव्हता, वीज गेली नव्हती. पडद्यावर नुसता ‘७’ लुकलुकायला लागला. चालू करायचं बटण दाबून पाहिलं, उपयोग नाही. गर्दीतून एक हुंकार उठला आणि वाट करून देण्यात आली.

परचुऱ्यांनी बोलावलेले स्पंदनानंद महाराज पुढे आले. भगवी शाल, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. यंत्राचा मेंदू म्हणजे भिंतीवरच्या लोखंडी कपाटातला एक राखाडी डबा. कारागीर त्याला पीएलसी म्हणतात. कुठला पट्टा कधी फिरवायचा, पाकीट कधी चिकटवायचं, हे तो ठरवतो. त्याला महाराजांनी हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाले, “हा डबा नाही. ही चेतना आहे. हिची फ्रिक्वेन्सी बिघडली आहे. सात म्हणजे सप्तम छाया.”

मग मंत्र, धूप, पुन्हा मंत्र. शेवटी शिष्याने घंटा वाजवली, महाराज म्हणाले, “ऊठ,” आणि यंत्र उठलं. चार वाजून दहा मिनिटं. कुरिअरवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी इथे स्टोअरला असतो. यंत्र कधी बंद पडलं, कधी सुरू झालं, याची नोंदवही माझ्याकडे. चमत्कार सुरू होऊन अठरा दिवस झाले होते आणि अठरा ओळी अशा सारख्या होत्या की, मीच जांभया देत एकीवरून दुसरी उतरवली असेल असं वाटावं: बंद तीन चाळीस, सुरू चार दहा. एका दिवशी महाराजांना यायला वीस मिनिटं उशीर झाला, तर त्या दिवशी मंत्र दहा मिनिटांत आटोपला आणि यंत्र तरीही चार दहालाच उठलं. हे मी आमचे मालक श्यामसुंदर परचुरे यांना दाखवलं. ते म्हणाले, “अहो दिगंबर, महापुरुषांना वेळेची शिस्त असते. तुम्हाला नाही, म्हणून नवल वाटतं.”

इथवर गंमत होती. पण छाया म्हटली की ती कुणाची तरी पाहिजे. यंत्र तीन चाळीसला थांबतं आणि दुसऱ्या पाळीची हिरा साडेतीनला त्यावर येते, एवढं महाराजांना पुरलं. हिरा येरवड्याहून येते, नऊ वर्षं याच खात्यात आहे. महाराजांनी तिचं आडनाव विचारलं, तिच्या गळ्यातल्या बिल्ल्यावरच्या बाबासाहेबांच्या चित्राकडे पाहिलं, डोळे मिटले आणि छाया सापडली असं जाहीर केलं. शनिवारपासून ही बाई या छताखाली नको. परचुरे मान खाली घालून हो म्हणाले. मनाने वाईट नाहीत ते, फक्त मोठ्या आवाजापुढे त्यांची मान आपोआप खाली जाते.

हिराने रडारड केली नाही. तिने एवढंच सुचवलं की, दोन दिवस तिला सकाळच्या पाळीत टाकून बघावं, म्हणजे यंत्र सकाळी थांबतं की दुपारी ते कळेल. शिष्याने सांगितलं की छाया मागे रेंगाळते, तिची परीक्षा घ्यायची नसते.

“मग ती बायोमेट्रिक न करताच राहते,” हिरा म्हणाली. “आमची हजेरी मात्र मिनिटाने कापता.”

मी यंत्र विकणाऱ्या कंपनीला फोन केला. शुक्रवारी विश्रांतवाडीहून कल्याणी नावाची इंजिनिअर स्कूटीवर आली, पाठीला लॅपटॉप. तोवर त्या दिवशीचा चमत्कार उरकला होता. तिने डबा उघडला नाही, की तारा ओढल्या नाहीत. पट्ट्यावरून खाली पडलेलं एक ताजं पाकीट उचललं आणि मला विचारलं, किती वाजले. चार वीस, मी म्हणालो. तिने पाकीट माझ्यापुढे धरलं. पाठीमागे छापलं होतं: पॅकिंगची वेळ एक दहा.

अठरा दिवस हजारो पाकिटं या दारातून गेली होती. सदाशिव पेठेपासून औंधापर्यंत लोकांच्या फडताळात हा पुरावा पडून होता आणि त्यातलं मेतकूट भातावर घालून खाल्लं जात होतं. पाकिटावरची तारीख सगळे वाचतात. वेळ कोण वाचतो?

कल्याणीने डबा बसवणाऱ्या राकेशला फोन लावला. तो आधी हार्डवेअर ओके आहे असं तीनदा म्हणाला. चौथ्यांदा नरमला.

“मॅडम, बसवायचा मुहूर्त होता अकरा चाळीसचा. मी कात्रजला ट्रॅफिकमध्ये अडकलो. वायरिंग संपायला दोन पन्नास झाले. परचुरेसाहेब म्हणाले, काहीही कर, पहिल्या पाकिटावर अकरा चाळीसच छापून आलं पाहिजे, ते फ्रेम करायचंय. मग मी डब्याचं घड्याळच मागे घेतलं. नंतर पुढे करायचं राहिलं.”

पुढचं कल्याणीने लॅपटॉपवर दाखवलं. डब्यात साडेबारा ते एक अशी जेवणाची सुट्टी भरलेली होती. त्या अर्ध्या तासात यंत्र आपोआप थांबतं, आणि पुसायला कुणी आत हात घातला असेल तर तो चिरडू नये म्हणून बटणालाही दाद देत नाही. त्या थांब्याची खूण म्हणजे सात. सातच्या जागी ‘जेवणाची सुट्टी’ असे शब्द यायला हवेत, तेही भरायचे राहून गेले होते. घड्याळ तीन तास दहा मिनिटं मागे, म्हणजे डब्याचे साडेबारा वाजायचे आपल्या तीन चाळीसला. खऱ्या साडेबाराला कामगार जुन्या सवयीने बटण दाबून जेवायला जात, त्यामुळे सुट्टी चुकली हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. थोडक्यात, यंत्र रोज शांतपणे डबा खायला बसत होतं आणि आम्ही त्याची दृष्ट काढत होतो.

दोन मिनिटांचं काम आहे, आत्ताच दुरुस्त करते, असं कल्याणी म्हणाली. तेव्हा हिराने तिचा हात धरला.

“आज दुरुस्त केलंत तर उद्या काय होईल, ताई? मी बाहेर आणि यंत्र सुरळीत. महाराज म्हणतील, बाई गेली, छाया गेली. मग मी जन्मभर छायाच राहीन.”

कल्याणीने लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. मग तिने घड्याळाला हात न लावता फक्त सुट्टीची लांबी बदलली. एका कागदावर दोन ओळी लिहिल्या, घडी घातली आणि परचुऱ्यांना दिली. उद्या मी सांगेन तेव्हा उघडा, तोवर कुणाला दाखवू नका, अशी तिची अट. परचुरे म्हणाले, आपलं शास्त्र वेगळं, महाराजांचं वेगळं. ती म्हणाली, “असेल. खिशाला काही जड नाही ना?”

शनिवारी गर्दी शंभराच्या वर गेली. हिरा फाटकाबाहेर, पानाच्या टपरीजवळच्या स्टुलावर बसून होती. तीन चाळीसला यंत्र थांबलं. गर्दीत चुळबुळ झाली, कारण छाया तर रस्त्यापलीकडे होती. महाराज डगमगले नाहीत. छायेची मुळं फरशीत गेली आहेत, म्हणाले. मंत्र झाले, धूप झाला. चार दहाला घंटा वाजली.

“ऊठ.”

यंत्र बसून राहिलं.

महाराजांनी दुसऱ्यांदा सांगितलं, जरा दरडावून. तिसऱ्यांदा ते जवळजवळ विनवणी करत होते. शिष्य मोबाइलवरचं घड्याळ झटकून पाहत होता. मंत्र संपले तेव्हा महाराजांनी पहिल्यापासून सुरुवात केली, मध्येच शनीचा एक श्लोक मारुतीच्या स्तोत्रात शिरला. एका हमालाने मागून विचारलं की नेटवर्क गेलं का. चार पंचविसाला कपाळ पुसून त्यांनी निर्णय दिला: चेतना रुसली आहे, अमावस्येपर्यंत, म्हणजे अकरा दिवस, हे यंत्र हलणार नाही.

“आता उघडा,” कल्याणी परचुऱ्यांना म्हणाली.

त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं: “बंद तीन चाळीस. सुरू चार सत्तावीस.” मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. धूप धुमसत होता. चार सत्तावीस झाले, पट्टा फिरला आणि मेतकुटाचं पाकीट टपकन खाली पडलं. महाराज शाल सावरत दाराकडे सरकले. त्यांना कुणी अडवलं नाही. सगळे ते पाकीट हातोहात फिरवून मागची वेळ वाचण्यात गुंतले होते.

कल्याणीने सगळ्यांना सगळं समजावून सांगितलं: मुहूर्त, मागे घेतलेलं घड्याळ, सुट्टी, सात. मुहूर्ताचं नाव निघालं तसे परचुरे खुर्चीत बसले. ते स्वतः फाटकापर्यंत चालत गेले. हिरा उठली नाही. जे सगळ्यांसमोर बोललात ते सगळ्यांसमोरच मागे घ्या, असं ती म्हणाली. ते आत आले आणि एका दमात म्हणाले, “चूक यंत्राची नव्हती, हिराबाईंची तर मुळीच नव्हती. माझी होती.” आवाज बारीक होता, पण मागच्या हमालापर्यंत पोचला.

वाचकहो, महाराजांना यातलं विज्ञान काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त पहिल्या दिवशी मिनिटं मोजली, जे आम्ही कुणी केलं नाही. एखादी गोष्ट रोज ठरल्या वेळी होत असेल तर तिला ठरलेलं कारण असतं, आणि ते शोधायला विचारावं लागतं, तपासावं लागतं, लिहून ठेवावं लागतं. आपण शोधलं नाही, की त्या रिकाम्या जागी कुणीतरी एखाद्या माणसाला उभं करतो. आणि तो माणूस बहुधा असा निवडला जातो, की ज्याच्या बाजूने कुणी बोलणार नाही.

घड्याळ बरोबर करायचं तेवढं बाकी होतं. कल्याणीने पडद्यावर वेळेचा रकाना उघडला आणि हिराला पुढे बोलावलं. परचुरे घुटमळले. हळूच म्हणाले, “आता करतोच आहोत तर मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींना एक फोन करून चांगली वेळ विचारू का?”

हिराने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि चार एक्केचाळीस भरले.