सयाजीची हाक

डूख साप धरतो म्हणतात. सयाजी गवळ्यानं धरलेला डूख बघून सापानं त्याच्याकडं शिकवणी लावली असती.

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला शेजारच्या विजयसिंहानं भर गल्लीत म्हटलं होतं, "सयाजीच्या दुधातनं पंचगंगा वाहतीया की!" लोक पोट धरून हसले. सयाजी दुधात थेंबभर पाणी घालत नसे, म्हणूनच ते हसू त्याच्या जिव्हारी लागलं. वर्षभर त्याच्या अंगाची लाही लाही होत होती. विजयसिंह बोलून विसरूनही गेला, याचा तर त्याला दुप्पट राग.

आपल्याकडं पाडव्याला म्हशी पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढं, सजवलेली म्हैस मागं. विजयसिंह वळणावर आला की भिंतीआडून पेटती फटाक्यांची माळ टाकायची, असा सयाजीचा बेत होता. म्हैस बुजेल, तो तोंडावर आपटेल, मग बघू कोण हसतं.

स्वतःची म्हैस, चंद्री, त्यानं गल्लीच्या तोंडाशी लेकीच्या, तेजस्वीच्या हाती दिली. "दाव्याचा येढा मनगटाला घे. सोडू नगंस."

"आप्पा, तुमी कुठं निघालासा?"

"तुला काय करायचंय?"

चंद्री गाडीच्या आवाजावर नव्हे, सयाजीच्या आवाजावर पळायची. रेडकू असल्यापासून त्यानं तिला तेच शिकवलं होतं. तो जिथून ओरडेल तिकडं ती सुटायची, वाटेत काहीही असो. गल्लीला त्याचं भारी कौतुक.

माळ पडली. विजयसिंहाची म्हैस उधळली, गाडी आडवी झाली, तो गटारात गेला. सयाजी भिंतीवर चढून बेंबीच्या देठापासून ओरडला, "हास की आता! हास की रं!"

चंद्रीनं मालकाचा आवाज ऐकला. ती धुरातून धावत आली आणि पाय घसरून भिंतीखाली कोसळली. दाव्याच्या टोकाला तेजस्वी होती, डांबरावरून फरफटत आलेली, मनगट अजून वेढ्यात अडकलेलं.

"तेजूऽ!" सयाजी किंचाळला. चंद्रीनं मान उचलली, पुढचे पाय रोवले. दावं ताणलं गेलं.

"तोंड मीट! खाली उतरू नगंस!" विजयसिंह गटारातून उठून पोरीकडं धावला. "आवाज काढलास तर म्हैस उठंल, पुन्हा वडत नेईल पोरीला!" रक्ताळल्या बोटांनी तो आवळलेला वेढा सोडवू लागला.

सयाजीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. तेजस्वीनं डोळे उघडले.

"आप्पा... आप्पा, कुठं हायसा?"

ती विचारत राहिली. आवाज बारीक होत गेला, मग थांबला. सयाजी हाकेच्या अंतरावर होता आणि त्याला ओ देता आली नाही.