काकूंचा घट्ट झाकणाचा डबा

संग्रामकाका अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या घरी, बेसमेंटमध्ये, नेमबाजीची काडतुसं स्वतः भरतात. त्यासाठीची पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, कंपनीच्याच बाटल्यांत, थंड जागी, लाकडी कपाटात असते.

शनिवारी पोह्यांसाठी शोभनाकाकूंनी तेल तापत ठेवलं आणि मला मोहरी काढायला सांगितली. गॅसजवळच्या स्टीलच्या डब्यात राखाडी, चपटे दाणे होते. मी केमिस्ट्री शिकले आहे. मी आधी गॅस बंद केला.

"काकू, ही काकांची पावडर?"

"हो. दोन बाटल्या अर्ध्या-अर्ध्या होत्या, एकत्र केल्या. झाकण बघ कसं घट्ट आहे, दमट होणार नाही."

"अहो, ही उघड्यावर पेटली तर नुसती भसकन जळते. घट्ट डब्यात पेटली तर डब्याचा बॉम्ब होतो!"

काका धावत आले. "अगं, दोन वेगळ्या जातींच्या पावडरी होत्या! आता हिचं माप कसं ठरवू? बंदूक फुटेल हातात!"

"मग नीट लेबल लावायचं," काकू म्हणाल्या.

"बाटल्यांवर होतं!"

"ते मी घासून काढलं. डाळी भरायला छान बाटल्या आहेत."

काकांनी सगळी पावडर गवताला खत म्हणून लॉनवर पातळ विखुरली. मग कपाटाला कुलूप लावलं.

"लावा खुशाल," काकू म्हणाल्या. "पण पुढच्या बाटल्या रिकाम्या झाल्या की मला द्या."