प्रार्थनेचा विषय

चर्चच्या मंडळीत तिला सगळे मावशी म्हणत, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. ती शिवणकाम करायची. गायनवृंदाचे झगे तिच्याच मशीनवर शिवलेले, वेदीवरच्या कापडाची किनार तिच्याच हातची. नव्या पाळकांचा कोट खांद्यात ढगळ होता, तोही तिनेच आपणहून मागून घेऊन बेतात बसवला होता. एकुलती एक लेक लग्न होऊन गेलेली. मंडळीवाचून मावशीला दुसरं गणगोत उरलं नव्हतं.

या पाळकांनी आल्या आल्या बायकांच्या जोड्या लावल्या. दोघींनी आठवड्यातून एकदा बसायचं, बायबलचा एखादा अध्याय वाचायचा, मन मोकळं करायचं आणि एकमेकींना विश्वासात उभं करायचं. मावशीच्या वाट्याला निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. मावशीला आधी धास्तीच वाटली, कारण बाईंसमोर बोलताना शाळेत उभं केल्यासारखं व्हायचं. पण बाई माणूस म्हणून चांगल्या निघाल्या. त्याच वर्षी मावशीचा नवरा गेला, तेव्हा बाई रोज येऊन बसायच्या. उपदेश नाही, वचनांचा मारा नाही. मावशी काजं करायची आणि बाई तिला सुया ओवून द्यायच्या. एवढंच. त्या दिवसांचं ऋण मावशी कधी विसरली नाही.

मावशीची लेक दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती आणि तिचं लग्न गायनमास्तरांच्या मुलाशी झालं होतं. तो उपासनेत ऑर्गन वाजवायचा. त्याची बोटं फिरायला लागली की म्हातारी माणसं डोळे टिपायची. त्याच हातांनी त्याने बायकोचं मनगट मोडलं. त्याआधीच्या दोन खेपांना लेक म्हणाली होती, घसरून पडले. या खेपेला ती काहीच म्हणाली नाही. हाड जुळेपर्यंत थांबली आणि पिशवी उचलून निघाली. जुनं काम सोडलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला तसल्याच एका कारखान्यात लागली आणि त्याच्याच वरच्या खोलीत एका मैत्रिणीबरोबर राहू लागली. पत्ता फक्त आईला ठाऊक.

"कुणालाही सांगायचं नाही, आई," ती म्हणाली होती. "देवाला सांग, पण मनातल्या मनात."

उपासना सुटल्यावर गायनमास्तर दारातच मावशीला गाठायचे. "विहीणबाई, पोरीला समजवा. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच." मावशी मान खाली घालून ऐकायची. भांड्याला भांडं लागलं तर आवाज होतो, हाड मोडत नाही, हे तिच्या जिभेवर यायचं आणि ती ते गिळायची. व्याही, जावई, मंडळी, सगळी आपलीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण असं किती दिवस गिळणार? एका दुपारी बाई आल्या तेव्हा मावशी मशीनवर होती. बाईंनी जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, कापड उलटं धरलंय तुम्ही."

खरंच उलटं होतं. मावशीने पाय थांबवला आणि तिला रडू फुटलं. मनगटापासून पिशवीपर्यंत सगळं तिने सांगून टाकलं. बाईंनी तिचा हात हातात घेतला. त्यांचेही डोळे भरले.

"निदान आता सुखरूप आहे ना कुठेतरी?" बाईंनी विचारलं.

इतक्या दिवसांचा बांध फुटलेला. मावशी म्हणाली, "हो, जुन्या पाण्याच्या टाकीसमोरच्या कारखान्यात. वरच खोली आहे." मग चपापून म्हणाली, "बाई, हे आपल्या दोघींतच."

"वेडी आहात का? माझ्यापाशीच राहील."

बाई गेल्यावर मावशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

बुधवारचा बायबल अभ्यास औषधवाल्यांच्या घरी होता. दुकान खाली, घर वर, जिन्यात औषधांचा वास. त्या दिवशीचा विषय होता एकमेकांचं ओझं वाहण्याचा. पाळक छान बोलले, माणसं मान डोलावत राहिली. मग प्रार्थना सुरू झाली. ज्याला जसं सुचेल तसं त्याने मोठ्याने मागायचं, अशी तिथली रीत. औषधवाल्यांची बायको नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "प्रभू, आमच्या एका बहिणीच्या लेकीसाठी मागते. नाव घेत नाही, तू जाणतोस. तिचं मोडलेलं मनगट बळकट कर. त्या जुन्या पाण्याच्या टाकीपाशी ती एकटी आहे, तिच्या खोलीवर तुझी सावली राहू दे."

"आमेन," सगळे म्हणाले.

मावशीने डोळे उघडले. बाई मान खाली घालून बसल्या होत्या. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. फक्त गायनमास्तरांचे उघडे होते आणि ते मावशीकडे पाहत होते. क्षणभराने त्यांनीही मिटले.

घरी येऊन तिने फोन हातात घेतला. लेकीला सांगायचं म्हणजे आधी आपण तोंड उघडलं हे कबूल करायचं. तिने फोन ठेवून दिला. गायनमास्तर कसेही असले तरी देवाला भिऊन वागणारा माणूस, असं एकदम काही करणार नाहीत, अशी तिने स्वतःची समजूत घातली. सकाळी परत फोन उचलला, परत ठेवला. उद्या सांगू म्हणाली.

तो उद्या आलाच नाही. संध्याकाळी लेक दारात उभी. नखांत प्लास्टर तसंच, कपड्यांवर पांढरी भुकटी. ती आत आली, पण बसली नाही.

"पाळक आले होते," ती म्हणाली. "सासरे आले होते. आणि तोही. मालकांनी त्यांना खुर्च्या दिल्या. पाळक म्हणाले, घरचा प्रश्न आहे, प्रार्थनेने सोडवू. साच्यांच्या टेबलाभोवती सगळ्यांनी हात धरले. त्याने माझा धरला. हा." तिने मनगट पुढे केलं. त्यावर बोटांचे वळ होते. "पाळक डोळे मिटून समेट मागत होते आणि तो दाबत होता. मी ओरडले नाही. मालक समोर होते, सगळ्या पोरी बघत होत्या."

"मग?"

"मग आमेन झालं. मग तो रडला. सगळ्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या पाठीवरून कुणी नाही, आई."

मावशीने खुर्ची पुढे ओढली, पण लेक उभीच राहिली.

"कुणाला सांगितलंस?"

"बाईंना. फक्त प्रार्थनेसाठी गं."

लेक कोरडं हसली. "त्यांनीही फक्त प्रार्थनेसाठीच सांगितलं असेल."

"थांब, दोन घास खाऊन जा."

"नको. खोली रिकामी करायचीय."

"कुठे जाणार?"

लेकीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग पिशवी खांद्याला लावून जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी मावशी बाईंच्या घरी गेली. बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. तिचा चेहरा पाहूनच त्यांनी झारी खाली ठेवली.

"मी एकीलाच सांगितलं हो," त्या म्हणाल्या. "तिच्या प्रार्थनेला फळ येतं, सगळे म्हणतात. दोघींनी मागितलं तर जोर येईल असं वाटलं. आणि नाव कुठे घेतलं कुणी?"

"टाकी सांगितली."

बाईंनी ओले हात पदराला पुसले. मग त्यांचा शाळेतला आवाज परत आला. "मावशी, देव वाइटातूनही चांगलं घडवतो. मनात कडवटपणा धरू नका, तो आपल्यालाच खातो. क्षमा करायला शिकलं पाहिजे."

"कुणी कुणाला?"

त्यावर बाईंचा धीर एकदम सुटला. त्या पायरीवर बसल्या आणि हुंदके देऊन रडू लागल्या. आपण किती चांगल्या मनाने केलं होतं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, असं म्हणत राहिल्या. भांडायला आलेली मावशी शेवटी आत जाऊन त्यांच्यासाठी पेलाभर पाणी घेऊन आली. पाठीवरून हातही फिरवला. घरी परतताना तिला आपल्या त्या हाताचा राग येत होता.

लेकीचा जुना नंबर बंद झाला. कितीतरी दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. "बरी आहे. काम मिळालंय," एवढंच. मागे कुठल्याशा यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"हात कसा आहे?" मावशीने विचारलं.

"थंडीत ठणकतो."

कुठे आहेस, हे दोन शब्द मावशीच्या ओठांपर्यंत आले आणि तिने ते परत नेले. पलीकडेही लेक थांबून राहिली होती. आई विचारते की नाही हे ती बघत होती की विचारावं म्हणून वाट पाहत होती, ते मावशीला कळलं नाही. फोन बंद झाला.

मावशीने मंडळी सोडली नाही. सोडून जाणार कुठे? देवाशी तिचं भांडण नव्हतं. त्याच्याशी ती बोलायची, पण आता ओठसुद्धा न हलवता. जावई अजून ऑर्गन वाजवत होता आणि म्हातारी माणसं अजून डोळे टिपत होती. गायनमास्तर झगा छातीत दाटतो म्हणून घेऊन आले, तो तिने उसवून सैल करून दिला. पाळकांनी एका रविवारी समेटावर प्रवचन केलं आणि धीर धरलेल्या एका तरुण पतीचं उदाहरण दिलं, नाव न घेता.

बाईही जोडी मोडायला तयार नव्हत्या. ठरल्या वारी यायच्या, अध्याय वाचायच्या, मग पुस्तक मिटून मायेने विचारायच्या, "या आठवड्यात प्रार्थनेचा विषय काय, मावशी?"

"गुडघा दुखतो," मावशी म्हणाली.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून मोठी प्रार्थना केली. ती अगदी मनापासूनची होती. मावशी उघड्या डोळ्यांनी त्यांच्या पांढऱ्या भांगाकडे पाहत राहिली. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

बुधवारी जिन्यातच औषधवाल्यांच्या बायकोने तिला थांबवलं आणि हातात मलमाची डबी ठेवली. "रोज चोळा हं, मावशी. आम्ही सगळे मागतोय तुमच्यासाठी."

मावशीने डबी घेतली, आभार मानले आणि कठड्याला धरून, जरा लंगडत, वर गेली.