पेल्यावरचा शिक्का

बायकोला जुने चांदीचे पेले जमवायचा नाद होता. ती गेली तेव्हा कपाटात सतरा पेले होते. परवा पाहतो, तर तिच्या सर्वांत लाडक्या पेल्याच्या बुडाशी कारागिराचा शिक्काच नाही. मेहुणा अधूनमधून येऊन त्या कपाटापाशी रेंगाळायचा. त्यानेच पेला बदलला असं माझ्या मनाने घेतलं, आणि मी त्याला तोंडावर चोर म्हणालो. तो निघून गेला.

मग मी पेला सोनाराकडे नेला. त्याने भिंगातून पाहिलं.

"पेला तोच आहे, काका. काठावरचा हा पोचा काकूंनीच मला दाखवला होता. शिक्का घासून गेलाय. कोण घासतं?"

"मीच. वर्षभर रोज, राखेने."

"जुनी चांदी अशी घासतात होय? काकू मऊ फडक्याशिवाय हात लावत नव्हत्या."

दुकानातूनच मी मेहुण्याला फोन लावला.

"काय दाजी, सापडला का चोर?"

"सापडला. घरातलाच निघाला. तू ये, आणि तुझ्या ताईचे पेले तुझ्याकडे घेऊन जा. माझ्या हाती उरलेले शिक्केही पुसले जातील."