तिसरी ओळ

शंकापत्रक
पुस्तक: ‘वादळ’ मालिका, भाग नववा आणि शेवटचा

शंका १. पान १०३. नायकाच्या गालावरचा व्रण डावीकडे आहे. चौथ्या भागात तो उजवीकडे होता. कुठला ठेवायचा?

शंका २. पान १०६. कार्यक्रम उघड्या मैदानावर आहे. मग छत कसं दणाणलं?

शंका ३. पान १०९. नायिकेने श्वास रोखून धरला आहे, त्याला आता अकरा ओळी झाल्या. सोडवावा का?

हे माझं काम. मी मुद्रितशोधक आहे. कादंबऱ्या छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधते, आणि विचाराव्या लागतील त्या शंका एका कागदावर लिहून लेखकाला पाठवते. आईला मी सांगितलंय की मी सरकारी छापखान्यात पाठ्यपुस्तकं तपासते. भूगोलाची. कारण चौतिसाव्या वर्षी, रोज डबा घेऊन ऑफिसात जाऊन, आपली मुलगी रॉक गायकाची चुंबनं मोजते हे ऐकून तिने काय केलं असतं, याची मला कल्पना आहे.

आई निवृत्त टायपिस्ट. हल्ली घरीच लोकांचे प्रबंध टाइप करून देते. विषय विचारला तर म्हणते, “खनिजं.”

वादळ या पुस्तकांचा नायक. पन्नास हजारांची गर्दी, कानठळ्या बसतील असे स्पीकर, घामाने चिकटलेले केस. आणि असा माणूस एका बाईसमोर येतो तेव्हा आवाज खाली आणतो. वाचकांना तेवढंच हवं असतं. सगळ्या जगावर ओरडणारा कुणीतरी आपल्याशी हळू बोलावा. शिवाय त्याची ती सवय: नवं गाणं पहिल्यांदा गाताना तो लोकांकडे पाठ करतो आणि भिंतीकडे तोंड करून गातो. त्या पाठीवर वाचक बायका पानं पानं पत्रं लिहितात.

मीही जीव टाकते त्याच्यावर. आठ भाग झाले. लपवण्यात अर्थ नाही, ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. पानं लावणारी तर मला वहिनीच म्हणते. “वहिनी, दादांचा शेवट आलाय,” असं म्हणत आज सकाळी तिने चाळीस पानं माझ्या टेबलावर टाकली. लेखिकेने शेवट उशिरा पाठवला होता. बारा वाजता छपाईला जायचं होतं.

मी पानं उलटी वाचते. म्हणजे खालच्या ओळीकडून वरच्या ओळीकडे. सरळ वाचलं की गोष्ट लागते, गोष्ट लागली की चूक निसटते. उलटं वाचताना अर्थ लागत नाही, फक्त अक्षरं दिसतात. माझ्या गुरूंनी शिकवलेली पद्धत आहे, आणि बारा वर्षांत तिने मला एकदाही दगा दिलेला नाही.

शंका ७. पान ११२. नायकाच्या गाण्याची तिसरी ओळ सुटली आहे, जागी टिंबं आहेत. ओळ अशी हवी: चपला बाहेर राहू द्या.

लिहिलं. संपादकांनी पत्रक लेखिकेला मेल केलं. मी चहा आणला.

“ताई,” संपादक दारातून म्हणाले, “ही सातवी शंका. ओळ कुठून आणली तुम्ही?”

“आधी आली असेल ना, सर. एकतिसाव्या पानावर वगैरे.”

“एकतिसाव्या पानावर विमान उतरतंय.”

“मग तिसऱ्या भागात.”

“हे गाणं नवंच आहे. लेखिकेने मेलमध्ये लिहिलंय, तिसरी ओळ मोकळीच सोडा, ती मला माहीत नाही.” ते हसले. “तुम्हाला बरी माहीत!”

मी पान ११२ घेतलं. वरून खाली वाचलं.

दार लावून घ्या तुम्ही
मी आवाजातून येईन
. . . . . . . . . .
मी अनवाणी गाईन

चहा सांडला. कुणाचा, कुणावर, ते नंतर कळलं.

हे गाणं माझं आहे. सोळाव्या वर्षी, मागच्या खोलीत, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं, म्हणून झालं की पुसलेलं. कुणाला म्हणून दाखवलं नाही. म्हणताना मी

थांबा.

म्हणताना मी भिंतीकडे तोंड करून म्हणायचे.

भिंतीपलीकडे स्वयंपाकघर.

मग आठही भाग अंगावर कोसळले. गिटारच्या खुंटीला बांधलेला लाल लोकरीचा धागा. माझा. स्टेजवर जाण्याआधी खिशातले शेंगदाणे मोजणं. माझं, परीक्षेआधीचं. घाबरला की डावा बूट उजव्यावर घासतो. मी आत्ता तेच करत होते, टेबलाखाली.

आठ भाग मी कुणावर जीव टाकत होते?

“सर, ही लेखिका दिसते कशी?”

“पाहिलंय कुणी? टोपणनावाने लिहिते, फोनवर बोलते फक्त. आवाजावरून तिशीतली वाटते.”

आई साठीची आहे. फोनवर तिशीतलीच वाटते. गॅसवाला अजून तिला बेटा म्हणतो.

शेवटची पानं उचलून मी निघाले. बसमध्ये पान १३८ वाचलं. सरळ, वरून खाली. वादळ भर कार्यक्रमात गिटार जमिनीवर आपटतो. गर्दी वेडी होते. रॉकवाले गिटार फोडतातच, त्यात नवल नाही. पण इथे लिहिलं होतं की पहिल्या फटक्याला काहीच झालं नाही, नुसता पोकळ आवाज आला. दुसऱ्याला मान तुटली, पण तारांनी ती धडाला धरून ठेवली, आणि दोन तुकडे एकमेकांना लटकत राहिले. मग तारा पकडीने कापाव्या लागल्या. पकड गंजलेली होती.

कुठल्या स्टेजवर गंजलेली पकड असते?

आमच्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे.

सोळाव्या वर्षी मी शाळेतून आले तेव्हा माझी गिटार जागेवर नव्हती. “विकली,” आई म्हणाली. “परीक्षा आहे.” मी पुन्हा कधी विचारलं नाही. अठरा वर्षं मी समजत होते की ती कुठेतरी वाजते आहे.

घरी पोचले तर आई टेबलाशी होती. समोर स्क्रीनवर माझं शंकापत्रक, सातव्या शंकेवर थांबलेलं. मला बघून तिने ते झाकायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

“भूगोल?” ती म्हणाली.

“खनिजं?” मी म्हणाले.

दोघींनाही हसू आलं नाही.

“तू तपासतेस हे मला ठाऊक नव्हतं गं,” आई म्हणाली. “देवाशपथ. ठाऊक असतं तर पाचव्या भागातलं ते हॉटेलचं प्रकरण मी...”

“आई.”

“तिसरी ओळ मला कधी ऐकूच आली नाही. तिथे तू आवाज पाडायचीस. मी कुकर बंद करून उभी राहायचे, तरी नाही.”

मी पान १३८ तिच्यासमोर ठेवलं.

“विकली होतीस ना?”

तिने पान जवळ ओढलं. पदराने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला.

“मागच्या अंगणात,” ती म्हणाली. “पाणी तापवायच्या चुलीत घातली. लाकूड जळलं, तारा राहिल्या.”

“का?”

“वाईट वाजवत असतीस तर राहू दिली असती. चार दिवसांचं खूळ, म्हटलं असतं. पण तू...” तिचा हात उगाचच कीबोर्डवर फिरला. “मला भिंतीपलीकडे उभं राहवेना. पोरगी जाणार, हे दिसत होतं मला. तुझे बाबा नुकतेच गेले होते. घरात आपण दोघीच.”

राग कुठे असायला हवा ते माहीत होतं. त्या जागी नुसती धग होती.

“मग त्याने फोडली असं का लिहिलंस? वादळने?”

“गायकाने फोडली की लोक टाळ्या वाजवतात. आईने फोडली तर?”

फोन वाजला. संपादक. “ताई, पावणेबारा! ओळ ठेवू की काढू?”

“ठेवा,” मी म्हणाले. “आणि अजून एक शंका आहे. लिहून घ्या, लेखिका माझ्यासमोरच बसली आहे.”

“कोण? कुठे?”

शंका ८. पान १३८. गिटार नायकाने फोडलेली नाही. त्याच्या आईने फोडली, तो शाळेत असताना, मागच्या अंगणात. स्टेज आणि गर्दी काढावी. पकड तशीच ठेवावी. लेखिकेला मान्य आहे का?

मी फोन आईसमोर धरला. पलीकडे संपादक हॅलो हॅलो करत होते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकला.

“वाचक मला शिव्या घालतील,” आई मला म्हणाली.

“घालू देत.”

“आणि तू?”

फोन धरलेला हात दुखायला लागला, तरी मी तो खाली घेतला नाही.

आई फोनकडे वाकली.

“मान्य,” ती म्हणाली. तिशीतल्या आवाजात.